‘डज शी प्लेज’ कसं थांबवायचं?

तुम्ही विचारलंय की बेळगाव तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात आठवी-नववीला इंग्रजी शिकवायला नुकतीच सुरुवात केलीय, पोरं काळांचे तक्ते घडाघडा म्हणतात, पण साधा एक प्रश्न इंग्रजीत विचार म्हटलं की खाली बघतात. तर वर्गात काय घेऊ? मी पलीकडच्या खानापूर तालुक्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पोरांना घरची मराठी आणि बाजारातली कन्नड येते, त्या दोन्हींना वर्गाबाहेर बसवू नका.

पहिली गोष्ट टोपीची. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ‘शी’, ‘प्ले’, ‘कबड्डी’ असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि एकेका पोराच्या हातात देऊन ओळीत उभं करा. ‘प्ले’च्या डोक्यावर गांधी टोपी घाला. ही टोपी म्हणजे शेवटचा ‘एस’. वाक्य झालं, ‘शी प्लेज कबड्डी’. आता प्रश्न करायचाय. ‘डू’चा कागद घेऊन दाराशी थांबलेला पोरगा येतो, ‘प्ले’च्या डोक्यावरची टोपी उचलतो, स्वतः घालतो आणि ओळीत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहतो. तो आता ‘डज’ झाला. ‘प्ले’ बोडका. टोपी एकच आहे, दोघांच्या डोक्यावर कशी बसेल? भूतकाळाला हिवाळ्यातली कानटोपी घ्या. ती घातली की ‘गो’चा ‘वेंट’ होतो. ‘डू’नं ती काढून घेतली की तो ‘डिड’, आणि खाली परत ‘गो’ उरतो. नंतर वहीत कुणी ‘डिड यू वेंट’ लिहिलं तर मी लाल पेननं काही लिहीत नाही, समासात नुसती टोपी काढतो.

ही चूक का होते तेही पोरांना दाखवा. फळ्यावर शेजारी शेजारी लिहा: मराठीतलं ‘ती खेळते का?’ आणि कन्नडमधलं ‘आकी आडताळेनु?’ दोन्हीकडं प्रश्न शेपटाला लागतो, क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र ‘डू’ला पुढं येऊन उभं राहावं लागतं. आपली पोरं काही मठ्ठ नाहीत, दोन भाषांनी लावलेली सवय तिसरीत चालवतात, एवढंच.

पहिल्या वर्षी हा टोपीचा खेळ मी वर्गातच केला आणि असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले. तेव्हापासून व्हरांड्यात घेतो, आणि बारा मिनिटांच्या वर नाही.

‘हॅव बीन’ आणि ‘हॅव गॉन’साठी तर काही आणायचीही गरज नाही. ‘बाबा गोव्याला गेलेत’ आणि ‘बाबा गोव्याला जाऊन आलेत’ यातला फरक कुठल्याही पोराला विचारा. गेलेत म्हणजे घरी नाहीत, जाऊन आलेत म्हणजे घरी आहेत. कन्नडमध्येही ‘होग्यारा’ आणि ‘होगि बंदारा’. ‘गॉन’ आणि ‘बीन’चा हिशेब इथंच मिटतो. मग वर्गभर फिरून विचारायला लावा: गोकाकचा धबधबा पाहिलायस? राजहंसगडावर गेलायस? ‘हो’ म्हणणारा सापडला की पुढचा प्रश्न ‘कधी?’, आणि तो आला की ‘हॅव’ पळाला, ‘आय वेंट लास्ट दिवाळी’.

शब्दसंग्रहाचं माझं लाडकं क्रियापद म्हणजे ‘लागणे’. एका नववीतल्या मुलीनं सहलीच्या निबंधात लिहिलं होतं, ‘द बस टचेस मी’. मला दोन मिनिटं काही कळेना. मग उजेड पडला: चोर्ल्याच्या घाटात तिला बस लागते! ‘आय फील सिक ऑन द बस’ हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि ‘लागणे’ची वाक्यं गोळा केली. भूक लागली, आग लागली, वेळ लागला, दादाला नोकरी लागली. प्रत्येकाला इंग्रजी वेगळं: ‘ॲम हंग्री’, ‘कॉट फायर’, ‘टुक टाइम’, ‘गॉट अ जॉब’. वहीत मराठी वाक्य डावीकडं, इंग्रजी उजवीकडं. सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्यच. पुढच्या आठवड्यात ‘पडणे’ घेतलं, कारण ‘मार्क्स पडले’चं सगळ्यांनी ‘मार्क्स फेल’ (‘फॉल’चा भूतकाळ) केलं होतं. मग ‘बसणे’, मग ‘येणे’. वर्षभर पुरतात.

याच्या उलटही करता येतं. घरात आणि शेतात बोलले जाणारे इंग्रजी शब्द आठवडाभर टिपून आणायला सांगा. ज्याच्या घरी टेम्पो आहे तो ‘क्लच प्लेट’ आणतो, ज्याच्याकडं बोअर आहे तो ‘सबमर्सिबल’, रताळ्याची गाडी मार्केटला नेणाऱ्याचा पोरगा ‘लोड’, ‘रेट’, ‘कमिशन’. एरवी मागच्या बाकावर झोपणारा पोरगा त्या दिवशी फळ्यापाशी असतो.

शब्दांची अंताक्षरी आणि शब्दकोडी मी सोडून दिली. तीच चार हुशार पोरं जिंकतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. चिठ्ठी व्हरांड्यात चिकटवून एकानं पळत जाऊन वाचायची आणि आत येऊन जोडीदाराला सांगून लिहून घ्यायची, हे मात्र चांगलं चालतं, फक्त जोड्या तुम्ही लावा.

पोर्शन अडतं, असं तुमचे हेडसर म्हणतीलच. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, इंग्रजीला लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. यातल्या प्रत्येक उपक्रमाची तारखेनिशी नोंद ठेवा आणि अंतर्गतच्या फाइलला लावा. आमच्याकडं तेवढ्यावर विषय मिटला.

सुरुवात आठवीपासून करा, नववीची पोरं टोपी घालायला लाजतात. आणि टोप्या दोन आणून ठेवा, एक हमखास हरवते.