खाणी बंद पडतात, मग जिऑलॉजी कशाला?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या, गोव्यातल्या डिचोली, सत्तरी या खाणींच्या भागातल्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, खाणींचाच भरवसा नाही, तर जिऑलॉजी शिकून पोर करणार काय?” हा प्रश्न मी कधीच हलक्यात घेत नाही. ज्या घराने हप्ते थकताना पाहिलेत, त्या घराला तो विचारायचा हक्क आहे.

गेल्या वर्षी असेच एक वडील मुलीला घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ च्या खाणबंदीत तो पहिल्यांदा दारात उभा राहिला. पुन्हा चाकं फिरली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. कर्ज फेडताना बायकोच्या पाटल्या गेल्या. नंतर खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले हे त्यांना ठाऊक होतं, पण विश्वास उरला नव्हता. “ज्या मातीनं आम्हांला बुडवलं तीच ही शिकणार?” हे म्हणताना त्यांचा आवाज बसला.

मुलगी गप्प होती. मग तिनं पिशवीतून मुठीएवढा काळपट दगड काढला, माझा रिकामा चहाचा कप पालथा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर दगड ओढला. लालसर तपकिरी रेघ उमटली. “बाबा, हे हेमॅटाईट, लोखंडाचं खनिज. मॅग्नेटाईट असतं तर रेघ काळी आली असती.” इतकी वर्षं तोच दगड वाहिलेल्या माणसानं कप हातात घेतला, रेघेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला.

आवड खरी होती. पण नुसत्या आवडीवर पाच वर्षं निघत नाहीत, म्हणून मी कागद पुढे ओढला.

बहुतेक घरं पहिल्या वर्षाची फी बघून ‘परवडेल’ म्हणतात, आणि हिशेब तिथंच चुकतो. या विषयात नुसत्या बीएस्सीवर फारसं काही हाती लागत नाही. भूवैज्ञानिकाच्या सरकारी पदांना पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे खर्च धरायचा तो पाच वर्षांचा. बीएस्सीची सोय पणजी-मडगावात आहे, एमएस्सीची ताळगावच्या गोवा विद्यापीठात. घरून बसने ये-जा केली तर बराच भार हलका होतो. एमएस्सीला राज्याबाहेर गेली, तर राहण्या-जेवणाचे महिन्याला १०,००० धरले तरी दोन वर्षांचे २,४०,००० होतात, फी वेगळी. शिवाय अभ्याससहली, बूट, हातोडा, भिंग. आणि कुणीच न लिहिणारा एक आकडा मी त्यांच्यासमोर लिहिला: एमएस्सीनंतर स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं बिनकमाईचं एक वर्ष.

आता दुसरी बाजू. यूपीएससी भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेते. त्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. भूवैज्ञानिकाचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. वडिलांचे डोळे तिथं थांबले. मी लगेच सांगितलं, पदं थोडी असतात, आकडा दरवर्षी बदलतो, त्या एका दारावर घर बांधू नका. बोगदे, धरणं, घाटरस्त्यांच्या दरडी, विहिरी-बोअरवेलचं पाणी, या सगळ्याला जमिनीखालचं वाचणारा माणूस लागतो. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र आपल्या दारात आहे, पण तिथला रस्ता संशोधनाचा आणि लांबचा. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पापुरती, मुदतीची. हे आधीच कळलेलं बरं. संगणकावर नकाशे करायला, उपग्रहाची छायाचित्रं वाचायला शिकलेल्या मुलांना काम मिळणं सोपं जातं, म्हणून तो अभ्यास पहिल्या वर्षापासून कर, असं मी तिला बजावलं. गणितही सोडू नकोस म्हटलं.

“पोरीची जात, रानावनात कशी राहणार?” ते हळूच म्हणाले. मी ही काळजी झटकून टाकली नाही. सर्वेक्षणाच्या नोकरीत महिनोन्महिने कॅम्पवर राहावं लागतं, हे खरंच आहे. मी एवढंच सुचवलं की असं काम करणाऱ्या एखाद्या बाईला दोघांनी मिळून भेटा आणि मग बोला. ते भेटले. परतल्यावर वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी ठरलं ते असं: बीएस्सी घरूनच, एका रुपयाचंही कर्ज न काढता. तिसऱ्या वर्षी आयआयटीच्या एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा द्यायची. तिथवर मन रमलं नाही तर वाट बदलायची, तोवर गेलेले पैसे घर सोसू शकेल. घर गहाण टाकायचं नाही ही वडिलांची अट होती. ती मला शंभर टक्के मान्य होती. ज्यांना ‘दुसरीकडे नंबर लागला नाही’ म्हणून हा विषय घ्यायचा असतो, त्यांना मी आजही परावृत्त करते. या मुलीला करावं असं एकदाही वाटलं नाही.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. “मॅडम, बायला हातोडा हवाय. म्हापशाच्या बाजारात गवंड्याचा मिळतोय, घेऊ?” मी म्हटलं, तो नको. दगडावर मारताना त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. कॉलेजातून अखंड पोलादाचा, भूवैज्ञानिकांचा मागवतात, तोच घ्या, आणि सोबत डोळ्यांसाठी गॉगल घ्या.

“दोन घेतो,” ते म्हणाले. “सुटीत मीही जाईन तिच्याबरोबर.”