बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्याजवळच्या दगडावर लाटांसारख्या रेघा आहेत. मग तिथे शंख-माशांचे जीवाश्म का सापडत नाहीत?

रेघा खऱ्याच आहेत. उथळ पाण्यानं तळाच्या वाळूवर उमटवलेल्या त्या वळ्या. पुढे त्या वाळूचाच दगड झाला. पण कलादगी खोऱ्यातला (म्हणजे प्राचीन काळी गाळ साचत गेलेल्या सखल भागातला) हा वालुकाश्म शिंपल्यांच्या, शंखांच्या प्राण्यांहून जुना आहे; ते पृथ्वीवर आले साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी. मासे त्याच्याही नंतरचे. म्हणजे पाणी होतं, लाटा होत्या, पण कवच किंवा हाडं मागे ठेवणारं कुणी जन्मालाच आलं नव्हतं!

जीव मात्र होते, सूक्ष्म. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात याच खोऱ्यातल्या चुनखडकात कापलेल्या पत्ताकोबीसारखे एकावर एक पापुद्रे दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट. सूक्ष्मजीवांचे चिकट थर गाळ धरून ठेवत वर वर वाढत गेले, त्याचे हे अवशेष. माझ्या मते हे शंखापेक्षा भारी. दिसले तर फोटो काढा, हातोडा नको.

बेळगाव शहरात घराचा पाया खणताना लागणारा काळा दगड वेगळा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात मासे शोधूच नका.