मूळ कथेचे कट्टर चाहते एकाच टेबलावर असतील तर रोल-प्लेइंग गेम कसा चालवावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाच जणांचा गट आहे, सगळ्यांचं एकाच काल्पनिक विश्वावर प्रेम, म्हणून तुम्ही त्याच विश्वात टेबलटॉप कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी गोष्ट, सुरू केलं. आता दर सेशनला कुणीतरी मध्येच थांबवतं, ‘मूळ कथेत असं नाहीये’ म्हणतं, मोबाइल बाहेर निघतात आणि खेळ बोंबलतो. गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निर्णय देणारा, तुम्ही आहात, पण दोघा खेळाडूंना त्या विश्वाची माहिती तुमच्यापेक्षा जास्त आहे. वर हे सगळं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचाही बेत आहे.

ते दोघे मुद्दाम खेळ बिघडवतायत असं मला वाटत नाही. त्यांना चाहत्यांच्या गप्पांची सवय आहे, आणि त्या गप्पांची चवच वेगळी असते. तिथे गोष्ट घडून गेलेली असते. कोण कुठल्या भागात काय म्हणालं, तलवार नक्की कुणाकडे होती, अमक्याची तमक्याशी झुंज लावली तर कोण जिंकेल, याचा मनसोक्त कीस काढायचा आणि पुरावा तोंडावर फेकून समोरच्याला गप्प करायचं. मला स्वतःला हे प्रकार भयंकर आवडतात. पण खेळात पुढची गोष्ट अजून घडलेलीच नसते, त्यामुळे पुरावा आणणार कुठून? ही दोन सुखं एका बैठकीत, एकाच मिनिटाला मिळत नाहीत. तुमचं घोडं तिथे अडलंय.

मग कॅननला, म्हणजे त्या अधिकृत कथेला, किती मान द्यायचा? माझ्या मते कच्चा माल म्हणून ती हवी तेवढी वापरावी, पण निवाडा तिच्याकडे सोपवू नये. टेबलावर मोठ्याने बोललं गेलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, ते खरं.

पोथीनिष्ठ मित्रांना हे पटत नसेल तर त्यांच्याच भाषेत, पुरावे देऊन सांगा. हा छंद उभाच राहिला तो उचलेगिरीवर. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम आला, तेव्हा त्यात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्किनचे बुटके हॉबिट आणि चालते-बोलते वृक्ष, म्हणजे एंट, नावासकट होते. हक्कदारांनी डोळे वटारल्यावर हॉबिटचा हाफलिंग झाला आणि एंटचा ट्रीअंट. जादूगाराने मंत्र वापरला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो, हा नियम जॅक व्हान्सच्या कथांमधून आलेला. दोन लेखक, दोन विश्वं, एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी एकाच भुयारात सुखाने नांदली.

याहून मजेशीर गोष्ट स्टार वॉर्सची. तिसरा चित्रपट १९८३ मध्ये येऊन गेला होता आणि त्यानंतर नवं फारसं काही येत नव्हतं. १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने त्या विश्वावर रोल-प्लेइंग गेम काढला. चित्रपटात मागच्या गर्दीत उभे असलेले कितीतरी परग्रहवासी निनावी होते. पडद्यावर ते चालून जातं, टेबलावर नाही, कारण खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत विचारणार, ‘हा कोण? कुठला?’ म्हणून गेमच्या लेखकांनी त्यांची बारशी केली. ट्विलेक, रोडियन ही नावं या गेमच्या पुस्तकांतली. पुढे टिमोथी झान यांना स्टार वॉर्सची नवी कादंबरी लिहायला सांगितली, तेव्हा लुकासफिल्मने संदर्भ म्हणून त्यांना हीच पुस्तकं पाठवली. १९९१ मध्ये ती कादंबरी आली आणि तिच्या पाठोपाठ कादंबऱ्या-कॉमिक्सची रांग लागली. म्हणजे चाहते ज्याला कॅनन म्हणून घोकत होते त्यातला बराच भाग गेममास्टरांची सोय म्हणून जन्माला आला होता. आणि २०१४ मध्ये एका घोषणेसरशी तो सगळा पसारा ‘लेजंड्स’ या नावाखाली अधिकृत कथेच्या बाहेर गेला. कॅनन हे इतकं हलतं प्रकरण आहे.

जपानमध्ये तर टेबलच आधी आलं. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही मुळात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाची, १९८६ पासून कॉम्प्टिक मासिकात छापलेली हकिगत. कादंबऱ्या आणि अ‍ॅनिमे नंतरचे.

आता प्रत्यक्ष कामाचं. मूळ कथेतला एक क्षण सगळ्यांनी मिळून निवडा आणि तिथून तुमचा फाटा फोडा. त्या क्षणाआधीचं सगळं अधिकृत कथेप्रमाणे, त्यानंतरचं सगळं आपलं. एवढं एक वाक्य ठरलं की निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. अधिकृत कथेचा नवा भाग कॅम्पेन चालू असताना आला तरी तुमची गोष्ट कोसळत नाही, आणि ज्याने तो भाग अजून पाहिलेला नाही त्याच्यासमोर स्पॉइलरही फुटत नाही. हे मध्येच सुरू झालेल्या कॅम्पेनलाही लावता येतं. पुढचं सेशन फासे न काढता फक्त या बोलण्यासाठी ठेवा.

मूळ कथेतले नायक मात्र टेबलापासून लांब ठेवा. बातमीत येऊ देत, पुतळ्यात येऊ देत, फार तर एखाद्या पत्राखाली सही असू दे. ते समोर आले की तुमचे खेळाडू आपोआप प्रेक्षक होतात, आणि त्यांना आकडे दिलेत तर पुढच्या सेशनला त्यांच्याशी मारामारी ठरलेली. १९७६ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी देवदेवतांचं पुस्तक काढलं, ओडिनसारख्यांचेही हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरणार तो आकडा, छापले. संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत हेतू स्पष्ट लिहिला होता: चाळिसाव्या पातळीच्या (पातळी म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) पुढे गेलेली पात्रं किती हास्यास्पद आहेत हे दाखवून देणं. खेळाडूंनी धडा भलताच घेतला. हिट पॉइंट आहेत ना, मग मारता येतो!

आता खरा नाजूक मुद्दा. ‘टेबलावर ठरेल ते खरं’ हे तत्त्व गेममास्टरच्या हातात सोट्यासारखंही पडू शकतं. समजा त्या विश्वातले राक्षस आगीला भितात हे सगळ्या चाहत्यांना ठाऊक आहे. तुमच्या खेळाडूने त्यावर भरवसा ठेवून अख्खा बेत रचला, तेल गोळा केलं, दोन साथीदारांना धोक्याच्या जागी उभं केलं. मशाल पेटल्यावर तुम्ही म्हणालात, ‘माझ्या आवृत्तीत आगीचा परिणाम होत नाही.’ तो ‘मूळ कथेत असं नाहीये’ म्हणून ओरडणारच, आणि इथे तो पोथीनिष्ठ म्हणून ओरडत नाहीये. त्याने डोळसपणे निर्णय घेतला होता, तुम्ही तो मागाहून आंधळा ठरवलात. त्या विश्वात वाढलेल्या त्याच्या पात्राला ही गोष्ट माहीत असायलाच हवी होती.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. ज्या माहितीवर खेळाडू निर्णय घेतात ती बदलायची असेल तर फासे पडायच्या आधी सांगायची. ‘या भागातले राक्षस वेगळे वागतात अशी कुजबुज आहे’ एवढी सूचना पुरते, पण ती मिळायला हवी. ज्या माहितीवर काहीच अवलंबून नाही, म्हणजे राजाच्या आजोबांचं नाव, झेंड्याचा रंग, किल्ल्याला दरवाजे किती, तिथे चुकलात काय आणि बदललंत काय, सारखंच. वाद झालाच तर मी तिथल्या तिथे निर्णय देतो, खेळ पुढे नेतो, आणि शोधाशोध सेशननंतर. फक्त एखादं पात्र मरणार असेल तेव्हाच थांबून पुस्तक उघडायचं.

त्या दोघा जाणकारांना गप्प बसवण्यापेक्षा कामाला लावा. ‘तुझं पात्र त्या मठात शिकलंय ना? मग तिथली शपथ कशी असते ते तूच सांग.’ तो जे सांगेल ते आता टेबलावरचं सत्य. त्याच्या ज्ञानाला मान मिळाला, तुमची तयारी वाचली, आणि बाकीच्या तिघांना विश्वकोश ऐकवण्याऐवजी एका पात्राच्या तोंडून ती गोष्ट कळली. मर्यादा एकच: तो वर्णन देईल, निकाल देणार नाही. शपथ कशी असते हे तो सांगेल. समोरचा पहारेकरी त्या शपथेवर विश्वास ठेवतो का, हे फासे सांगतील.

आणि सेशन संपल्यावर गप्पांना वेळ ठेवाच. तिथे त्यांना हवा तेवढा कीस काढू दे. खेळ बारा वाजता संपणार असेल तर पावणेबाराला संपवा. चाहत्यांचा हा कंड दाबून ठेवला तर तो खेळातच फुटतो.

एवढं करूनही ‘हे आपल्या विश्वासारखं वाटत नाही’ ही तक्रार राहिली, तर माझा संशय रूलबुकवर आहे. चाहते तक्रार तपशिलाच्या भाषेत करतात, पण खुपत असते ती त्या गोष्टींची चाल: तिथे धोका पत्करला की काय होतं, कोण मरतं, कोण वाचतं, खोटं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं. ही चाल सेटिंगच्या, म्हणजे त्या विश्वाचं वर्णन करणाऱ्या, पुस्तकातून येत नाही, नियमांतून येते.

१९८१ चा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ बघा. लव्हक्राफ्टच्या भयकथांवरचा हा खेळ. त्यात पात्राला सॅनिटीचे, म्हणजे मानसिक तोलाचे गुण असतात. निषिद्ध ग्रंथ वाचून पात्राचं त्या भयंकर सत्याबद्दलचं कौशल्य जितकं वाढतं, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ मधून वजा होते. म्हणजे जाणकार व्हायचं तर किंमत मोजायची. लव्हक्राफ्टचं एकही पान न वाचलेला खेळाडूसुद्धा काही तासांत त्या कथांसारखा वागू लागतो, पुस्तक दिसलं की मागे सरकतो. ‘ड्रेड’मध्ये तर फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आहे. जोखमीचं काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. भीती वर्णन करून सांगावी लागत नाही, हात आपोआप थरथरतात.

याउलट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती घ्या. पहिल्या पातळीपासून विसाव्यापर्यंत पात्रं फुगतच जातात. वीरकथेला ते झकास शोभतं. पण तुमचं लाडकं विश्व जर असं असेल की तिथे एका सुरीने कुणीही मरू शकतं, तर दहाव्या पातळीच्या योद्ध्याला सुरीवाल्या पोराची भीती वाटणार कशी? तिथे ‘मूळ कथेत असं नाहीये’ म्हणणारा बरोबर आहे, फक्त त्याचं बोट चुकीच्या पानावर आहे.

नायक जिंकतात पण प्रत्येक वेळी काहीतरी गमावून, अशा धाटणीची कथा असेल तर २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’च्या वंशातले गेम पाहा. दोन सहापैलू फासे टाकायचे आणि त्यांच्या बेरजेत पात्राचा गुण मिळवायचा. १० किंवा वर आलं तर काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे काम होतं पण भुर्दंड पडतो, ६ किंवा खाली आलं की गेममास्टरची पाळी. मिळवायचा गुण १ असेल तर मधला पट्टा ३६ पैकी १६ वेळा लागतो, वरचा आणि खालचा प्रत्येकी १० वेळा. म्हणजे सर्वांत जास्त शक्यता ‘झालं, पण…’ याचीच. त्या ‘पण’वर अख्खं सेशन चालतं आणि तुम्हाला कटकारस्थानं आधीपासून रचून ठेवावी लागत नाहीत. माहिती कमी असलेल्या गेममास्टरला हे फार सोयीचं.

राहिला रेकॉर्डिंगचा बेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला. श्रेय देऊन तो व्यवसायासाठीही वापरता येतो. पण हे फक्त त्या नियमांपुरतं. तुमच्या आवडत्या विश्वातली नावं, पात्रं, चिन्हं ज्याची आहेत त्याची परवानगी यात येत नाही. बरेच हक्कदार चाहत्यांसाठी वेगळं धोरण जाहीर करतात, ते आधी वाचा. फुकट दाखवणं आणि पैसे घेऊन दाखवणं यांत अनेकदा फरक केलेला असतो. पैसे घेऊन दाखवायचं मनात असेल तर नावं बदलून स्वतःचं विश्व उभं करणं सोपं पडेल. आणि रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी पाचही जणांना वेगवेगळं विचारा, कॅमेऱ्यासमोर त्यांना खेळायचंय का. गटात एक तरी माणूस असा निघतो जो सगळ्यांसमोर हो म्हणतो आणि मग सेशनभर तोंड उघडत नाही.