पूर्वी एसटीडी कॉल एवढा महाग का होता, आणि मग एकदम स्वस्त कसा झाला?

तुमचा प्रश्न असा की गावातल्या गावात फोन सव्वा रुपयात व्हायचा, तर दिल्लीला मिनिटाला पस्तीस-चाळीस रुपये का पडायचे? दिल्लीपर्यंतच्या तारेचा खर्च एवढा होता का?

नव्हता. तो दर मुळात खर्चावरून ठरलेलाच नव्हता. गावातला कॉल आणि महिन्याचं भाडं सरकारने मुद्दाम कमी ठेवलं होतं आणि तो खड्डा एसटीडी (देशातल्या लांबच्या) आणि आयएसडी (परदेशातल्या) कॉलच्या पैशातून भरला जायचा. लांब फोन करणारा म्हणजे व्यापारी, कंपनीवाला, त्याला परवडतं, असं गृहीत धरलेलं. आमच्या विट्याकडे (सांगली जिल्हा) मात्र हा भार गलाईवाल्यांच्या घरच्यांवर पडायचा. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार अमृतसरपासून कोईमतूरपर्यंत पसरलेली, आणि इकडे म्हातारे आईबाप एसटीडी बूथसमोर, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या दुकानासमोर, रांगेत.

कॉलेजात असताना, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी मामाच्या बूथवर रात्री बसायचो. हजार किलोमीटरपलीकडे दिवसा दर दोन सेकंदांना एक पल्स पडायची, म्हणजे बिलात एका गावातल्या कॉलएवढे पैसे चढायचे. रिक्षाच्या मीटरसारखंच, फक्त अंतर जास्त तितका आकडा जोरात पळणार. संध्याकाळी सातनंतर निम्मा दर, मग तिसरा हिस्सा, रात्री अकरानंतर पाव. त्यामुळे पावणेअकराला बाकडं भरलेलं आणि अकराच्या ठोक्याला सगळ्यांना एकदमच लाईन हवी! 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ऐकत रिडायल दाबत बसायचं. काचेच्या केबिनमध्ये माणूस बोलायचा मुलाशी, पण नजर लाल आकड्यांवर. 'बरं हाय ना? पैसं पोचलं. ठेवतो.' बाहेर आला की छोट्या प्रिंटरमधून करकरत पावती.

त्याआधीच्या ट्रंक कॉलच्या मानाने हेसुद्धा सुखच म्हणायचं. तेव्हा ऑपरेटरकडे कॉल बुक करून तासन् तास वाट बघायची. 'अर्जंट'ला दुप्पट आणि 'लाइटनिंग'ला आठपट पैसे. देशात थेट एसटीडी १९६० साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झालं, आमच्यासारख्या गावांपर्यंत यायला बराच काळ गेला.

दर पडले ते दोन गोष्टींमुळे. ऑप्टिकल फायबरमुळे एकाच मार्गावर कितीतरी जास्त कॉल जायला लागले, हे खरं. पण माझ्या मते खरा धक्का धोरणाचा. १९९९ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, लांबचे दर उतरवायला आणि भाडं वाढवायला सुरुवात केली. २००० मध्ये देशांतर्गत लांबचे कॉल खासगी कंपन्यांना खुले झाले आणि २००२ च्या जानेवारीत भारती (एअरटेलवाली कंपनी) मैदानात येताच सरकारी बीएसएनएलचा सर्वांत लांबचा दर मिनिटाला २४ रुपयांवरून दहाच्या आत आला. एका झटक्यात! तारा काही त्या महिन्यात बदलल्या नव्हत्या. त्याच वर्षी एप्रिलपासून आयएसडीवरची व्हीएसएनएल या कंपनीची मक्तेदारीही संपली. पाठोपाठ रिलायन्सने आपल्याच नेटवर्कवर मिनिटाला ४० पैसे लावले. १ मार्च २००६ ला बीएसएनएल-एमटीएनएलची 'वन इंडिया' योजना आली, भारतात कुठेही एक रुपया मिनिट, आणि अंतर मोजायचं कारणच उरलं नाही. मामाने बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं ते त्याच सुमारास. २००९ ला टाटा डोकोमोचा सेकंदाला एक पैसा, २०१६ ला जिओने बोलण्याचे पैसे घेणंच बंद केलं.

आता 'फुकट' म्हणाल तर तसं नाही. पूर्वी भाडं कमी आणि बोलणं महाग होतं, आता उलटं झालंय. आमची आई फोन फक्त उचलते, स्वतः कधी लावत नाही. तरी तिच्या नंबरवर रिचार्ज मारावाच लागतो, नाहीतर इनकमिंग बंद.