स्लोव्हाकियातलं एखादं लहानसं शेतकरी खेडं कसं असतं? त्याचा भूगोल-इतिहास काय?

प्रश्न वाचला आणि मला आमचा थोरला चुलतभाऊ आठवला. का, ते पुढे येईलच.

आधी गाव सांगतो. व्ल्कोलीनेत्स. उत्तरेकडच्या लिप्तोव भागात, रुझोम्बेरोक शहराच्या वर, सिदोरोवो डोंगराच्या कुशीत, साधारण ७१८ मीटर उंचीवर. 'व्ल्क' म्हणजे लांडगा, त्यावरून नाव. कागदोपत्री पहिला उल्लेख १३७६ सालचा. पंचेचाळीसेक लाकडी घरं, ओंडक्यांवर माती लिंपून चुना नाहीतर निळा रंग दिलेला, मधून वाहता पाट, १७७० चा लाकडी घंटामनोरा. लोक मेंढपाळ, लाकूडतोडे आणि पोटापुरती शेती करणारे. १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावात जर्मनांनी गावाचा काही भाग जाळला. उरलेलं १९९३ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आता कायमचे राहणारे थोडेच, बाकी कॅमेरेवाले.

पण घरांपेक्षा घरांच्या मागे बघा. उतारावर लांबच लांब, अरुंद पट्ट्या चढत गेल्यात. काही तर इतक्या निरुंद की आमच्याकडे बैलजोडी वळवायला जागा पुरली नसती. आता बहुतेक गवतच आहे, पण रेषा दिसतात. हे काय आहे? वाटण्या! हा मुलुख १९१८ पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता आणि तिथल्या रिवाजात जमीन सगळ्या वारसांत सारखी वाटली जायची. शेजारच्या चेक भागात शेत बहुधा एकाच वारसाकडे जायचं, इथे नाही. पिढ्यान्‌पिढ्या तुकड्याचा तुकडा. डोंगरावर भाऊबंदकीचा नकाशाच काढून ठेवलाय म्हणा ना.

आता चुलतभाऊ. आमची कोरेगाव तालुक्यात सामाईक जमीन, तीन एकरांच्या आत. वाटणीच्या बैठकीत हा म्हणाला, "युरोपात जाऊन बघ, शंभर-शंभर एकराचं एक रान असतं. आपण गुंठ्यासाठी डोकी फोडतो म्हणून मागे राहिलो. बहिणींची हक्कसोड घ्या, सगळं एका नावावर करा." एक नाव म्हणजे कुणाचं, ते सांगायला नको. मी तेव्हा गप्प बसलो, कारण युरोप मी तरी कुठे पाहिला होता?

पुढे स्लोव्हाकियातल्याच नित्रा शहरात दोन वर्षं काढायचा योग आला. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना आहे तिथे, त्या कामाने. घर भाड्याने घेतलं जवळच्या खेड्यात. आणि खरंच, खिडकीतून गहू-सूर्यफुलाचं रान क्षितिजापर्यंत, बांध म्हणून नाही. मनात म्हटलं, दादाचं खरं निघालं की काय.

घरमालक म्हातारे, पूर्वी 'द्रुझ्स्त्वो'त, म्हणजे शेती सहकारीत, ट्रॅक्टरवर होते. मी सहज विचारलं, हे रान कुणाचं? ते हसले आणि संगणकावर 'लिस्त व्लास्त्नीत्स्वा' उघडून दाखवला. आपला सातबाराच समजा. एका गटाला नावं मोजता मोजता मी दमलो. त्यांचा हिस्सा एक छेद शहाण्णव! अमेरिकेला गेलेल्या कुठल्याशा आत्याचाही हिस्सा तसाच पडून. मालक सापडत नाही अशा जमिनी सरकारचा भूमी निधी सांभाळतो.

म्हणजे झालं असं. १९४९ च्या कायद्यानंतर कम्युनिस्टांनी सहकारी शेतं उभी केली, बांध नांगरून टाकले, पण मालकीची नावं बहुतांशी कागदावर तशीच राहिली. १९८९ नंतर लोकांना हक्क परत मिळाले. तोवर आपला तुकडा नेमका कुठे ते कुणाला ठाऊक? मग बहुतेकांनी खंडाने दिला. आमचे म्हातारे वर्षाला गव्हाची काही पोती आणि थोडे युरो घ्यायचे. पोती कोंबड्यांना.

तर दादा, रान सलग आहे, सातबारा नाही. नांगर एक चालतो आणि नावं शंभर राहतात, त्यासाठी बहिणींची नावं खोडावी लागत नाहीत. आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, तरी तुकडे पडायचे थांबले का? एकत्र कसा ना, खंड वाटून घ्या. नावं कशाला पुसता?

प्रश्नकर्त्यासाठी दोन गोष्टी राहिल्या. व्ल्कोलीनेत्सवरून सगळा देश ओळखू नका, ते डोंगरातलं आणि जपून ठेवलेलं गाव आहे. दक्षिणेला डॅन्यूबकाठी सपाट काळी जमीन, मका, आणि गावंच्या गावं हंगेरियन बोलणारी. आणि तिथलं सगळं गोड आहे असंही नाही. खंड ठरवतात मोठ्या कंपन्या, लहान शेतकऱ्याला तिथे कसायला जमीन मिळणं अवघडच. हे दादाला मी फोनवर सांगितलं नाही, इथे लिहितो.

आमच्या उताऱ्यावर अजून पाच नावं आहेत, तीन बहिणींची धरून. यंदा सोयाबीन आहे.