पहिल्या धारेचं पाणी

प्रश्न : आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. नळ सोडला की सुरुवातीला पाणी पिवळट असतं आणि नालीसारखा वास मारतो; थोड्या वेळानं अगदी स्वच्छ होतं. शेजारच्या काकू म्हणतात, तुरटी फिरवायची आणि प्यायचं. चालेल का, ताई?
— एक गृहिणी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काकूंना नमस्कार सांगा, पण तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी चकचकीत दिसतं आणि आपण फसतो.

पाण्याच्या तपासणीत माझी सगळी नोकरी गेली, म्हणून सांगते : असं पाणी बहुतेक वेळा वाटेत बिघडलेलं असतं. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळ जलूदला उचलतात, तिथं ते निवळतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. मग पंपांनी 500 मीटरहून जास्त चढ चढवून सुमारे 70 किलोमीटरवर इंदूरला आणतात. 1978 पासून हे चाललं आहे. आणि एवढ्या खटाटोपानं आणलेलं पाणी तुमच्या दारातल्या शेवटच्या वीस फुटांत नासतं, याचा मला फार राग येतो.

होतं काय, की पाणी चालू असताना पाइपात दाब असतो. फट असली तरी पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून भोवतालची ओल आत शिरते. नळ दिवसाआड येत असेल तर यासाठी दीड दिवसाहून जास्त सवड मिळते. पाइप नालीतून गेलेला असेल तर ती ओल कसली, ते तुमच्या नाकानं सांगितलंच आहे. त्यातून गल्लीत कुणी टुल्लू, म्हणजे पाणी ओढायचा छोटा पंप, थेट लाइनीला लावला असेल तर विचारूच नका. टुल्लू नुसतं पाणी ओढत नाही, शेजाऱ्याच्या फुटक्या जोडातून घाणही ओढतो. असे पंपवाले सगळ्यांना माहीत असतात. पण शेजारधर्म आड येतो आणि कुणी बोलत नाही.

आता एक करा. पाणी येण्याच्या वेळी टॉर्च घेऊन दारापुढच्या नालीवरची फरशी उचला. तुमचा लोखंडी पाइप नाली ओलांडतो तिथं गंजाचे पोपडे आलेत का, क्लॅम्पखाली चिंधी किंवा रबर गुंडाळलंय का, ते बघा. चिंधी दिसली म्हणजे चोर सापडलाच. तेवढा तुकडा बदला आणि नवा पाइप नालीच्या वरून घ्या, मधून नको. तिथं सगळं ठीक असेल तर दोष सडकेखालच्या लाइनीत असणार. मग महापालिकेच्या ‘इंदूर 311’ ॲपवर तक्रार टाका आणि ‘पाणी घाण येतं’ एवढंच न लिहिता कोणकोणत्या घरी, किती वाजता, सुरुवातीला की शेवटपर्यंत, हेही लिहा. खोदणाऱ्याला जागा यावरूनच सापडते.

घरी ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची, छोटी बाटली आणून ठेवा. तपासणीच्या नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात सांगितले तेवढे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर फिकट पिवळा रंग येतो. लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत टिकायला हवं. रंग आलाच नाही, तर क्लोरीन वाटेतल्या घाणीशी झगडून संपलं, असं धरून चाला. दुरुस्ती होईपर्यंत पहिलं पाणी झाडांना घाला, नंतरचंही चांगलं उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. हौद वास आलेल्या पाण्यानंच भरला असेल तर तो मात्र उपसून घासावाच लागेल.

प्रश्न : नर्मदेच्या पाण्याला कधी औषधासारखा वास येतो. आरओ बसवावा का?
— एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर : आजोबा, तो वास क्लोरीनचा. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात थोडा वेळ उघडं ठेवा, बराचसा उडेल. आरओ क्षार काढायला असतो. विरघळलेल्या क्षारांची पसंतीची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि नर्मदा सहसा तिच्या बरीच खाली असते. बोरिंगचं पाणी पीत असाल तर आधी तपासून घ्या. एरवी आरओ चांगलं पाणी नालीत सोडतो आणि दुकानदाराचं भलं करतो.

प्रश्न : आमच्या मोरीचं पाणी अजून कान्ह नदीतच जातं का? आणि पावसात आमच्या संडासातून पाणी उलटं का येतं?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : पूर्वी जायचं. कान्ह आणि सरस्वती या इथल्या नद्यांची दशा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आता नाल्यांत पडणारी तोंडं बंद करून बहुतेक मैलापाणी लाइनीनं शुद्धीकरण केंद्रांवर नेतात. सगळ्यात मोठं कबीटखेडीचं, दिवसाला 245 दशलक्ष लिटरचं. तिथं टाकीत हवा सोडून जंतूंकडूनच मैला खाववतात, मग हवा बंद करून गाळ बसू देतात आणि वरचं पाणी काढून घेतात. 2021 मध्ये इंदूरला देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं, शहर ठरवलं ते यावरच. ही कान्ह पुढं उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, तेव्हा उपकार फक्त आपल्यावर नाहीत.

उलट्या पाण्याचं कारण बहुधा तुमच्याच गच्चीवर आहे. मैल्याची लाइन घरातल्या पाण्याच्या हिशेबानं टाकलेली असते. गल्लीतल्या दहा गच्च्यांचे पावसाचे पाइप चेंबरला जोडले की ती तुंबते आणि सगळ्यात खालच्या घरात वर येते. गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असेल तर या पावसाळ्याआधी तो काढा आणि शेजाऱ्यांनाही काढायला लावा.