धार येईना! जुने वस्तरे आणि नैसर्गिक दगड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आजोबांच्या पेटीत जर्मन वस्तरा सापडला, पात्याच्या दांड्यावर झोलिंगेन या शहराचं नाव लिहिलंय. व्हिडिओ बघून बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल दगड मागवला, बराच महाग पडला. रोज रात्री पाणी टाकून घासतोय पण हातावरचा केससुद्धा कापत नाही. दगड डुप्लिकेट आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दगड बहुतेक अस्सलच असेल हो, त्याच्याकडून काम चुकीचं करून घेताय. साध्या पाण्यावर कोटिक्यूल अगदी हळू कापतो, ती त्याची शेवटची पायरी आहे आणि तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. पेटीत कित्येक वर्षं पडलेल्या वस्तऱ्याची धार नुसती बोथट नसते, बारीक गंज धारेपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे आधी बेव्हल नव्याने बसवायला लागतो, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून (मुठीकडची बाजू) टोकापर्यंत एका रेषेत भेटले पाहिजेत. ते भेटलेच नाहीत तर पुढे जगातला कुठलाही दगड आणा, दाढी होणार नाही म्हणजे नाही.

ते भेटलेत की नाही हे बघायची सोपी युक्ती अशी की बेव्हलवर दोन्हीकडून मार्कर फिरवायचा, दगडावर एक हलका स्ट्रोक मारायचा आणि भिंगातून बघायचं शाई कुठे राहिली. धारेलगत शाई शिल्लक असेल तर दगड धारेपर्यंत पोचतच नाहीये. दुसरं म्हणजे धार वर करून बल्बखाली धरा, जिथे चमक दिसेल तिथे बोथट, कारण खऱ्या धारेवर उजेड परतायला जागाच नसते.

आता कोटिक्यूलबद्दल. हा दगड बेल्जियमच्या आर्देन भागातल्या व्हियेलसामच्या आसपास निघतो, पिवळ्या थरात गार्नेटचे अगदी बारीक कण ठासून भरलेले असतात आणि कापायचं काम तेच करतात. दगडासोबत छोटा तुकडा मिळाला असेल ना, तो पाणी टाकून मोठ्या दगडावर घासा, दुधासारखी स्लरी होईल. या दाट स्लरीवर दगड एकदम वेगळा वागतो, भराभर कापतो. दोन्ही बाजूंना सारखे पुढे-मागे स्ट्रोक मारा, थोडा दाब चालेल, आणि पात्याच्या प्रत्येक भागाने हातावरचे केस कापायला लागेपर्यंत पुढे जायचंच नाही. इथे घाई करणारेच जास्त, म्हणून सांगतोय.

पण दाट स्लरीची गंमत अशी की ती बेव्हल कापते आणि त्याच वेळी धार स्वतः त्या कणांवर आपटत राहते म्हणून एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होत नाही. म्हणून मग दोन-दोन थेंब पाणी टाकत स्लरी पातळ करत जायचं, दाब कमी कमी करत शेवटी वस्तऱ्याच्या वजनावरच आणायचा आणि अगदी शेवटी दगड धुऊन साध्या पाण्यावर संपवायचं. याला डिल्युकॉट म्हणतात. माझं विचाराल तर नवशिक्याने हे सगळं एका दगडावर करायच्या हट्टाला पेटू नये, बेव्हल साध्या 1000 नंबरच्या सिंथेटिक दगडावर बसवा, तो स्वस्तात मिळतो, आणि कोटिक्यूल शेवटच्या कामाला ठेवा.

आणि हो, पाठ आणि धार दोन्ही कायम दगडाला टेकलेली हवीत. वस्तऱ्याला कोन मोजायला लागत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळूनच साधारण 16-17 अंशाचा कोन ठरतो.

प्रश्न: कोटिक्यूल किती ग्रिटचा? विक्रेता 8000 म्हणतो, दुसरा 12000 म्हणतो, जपानी नाकायामा दगड तर 30000 सांगतात.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कोणी काहीही सांगेल, कारण नैसर्गिक दगडाला ग्रिट, म्हणजे कणांच्या बारीकपणाचा नंबर, नसतो. नंबर कारखान्यातल्या चाळलेल्या कणांचा, इथे खाणीतला थर जसा निघाला तसा. एकाच खाणीतले दोन तुकडे वेगळे वागतात. जर्मनीतल्या थुरिंजियाचे दगड, विशेषतः झोनेबर्गच्या एशर कंपनीचं लेबल असलेले, फक्त नावावर प्रचंड किमतीला जातात, कंपनी कधीच बंद झाली आणि आता फिरतो तो जुनाच माल. दगड छानच असतात, वाद नाही, पण लेबलने दाढी होत नाही. अमेरिकेतला आर्कान्सा घेतलात तर तिथे स्लरीचा विचार सोडा, तो जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, फार कडक, तेलावर हळूहळू चालतो.

प्रश्न: माझ्याकडे इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जाडजूड वस्तरा आहे, मुकुट आणि व्ही आर असा शिक्का. धार सरळ नाही, मधे पोट आलंय. घासून सरळ करू का? आणि किती जुना असेल?
– एक वाचक, पणजी

उत्तर: नका हो! ते पोट बहुतेक वेळा मुद्दाम दिलेलं असतं. ते घालवायला गेलात तर किती पोलाद वाया जाईल बघा, आणि पाठीवर सपाट पट्टा पडेल तो वेगळाच. त्यापेक्षा अरुंद दगड घ्या आणि टाचेपासून सुरू करून पातं तिरकं ओढत, जाता जाता मनगट किंचित फिरवून टोकाशी संपवा, म्हणजे धारेचा एकेक भाग आळीपाळीने टेकतो. रुंद सपाट दगडावर अशा वस्तऱ्याचं टोक कोरडंच राहतं. पाठ फारच झिजलेली असेल तर तिच्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा, कोन साधारण एका अंशाने वाढेल, बिघडत काही नाही. ज्यांना टेप म्हणजे पाप वाटतं त्यांच्याशी वाद घालू नका, वेळ जातो.

वयाचं म्हणाल तर व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. अमेरिकेच्या 1890च्या आयात कायद्यानंतर तिथे जाणाऱ्या मालावर तो बनवणाऱ्या देशाचं नाव घालायला लागायचं, त्यामुळे इंग्लंड शब्द नसेल तर त्याआधीचा असण्याची शक्यता बरी आहे. नुसती शक्यता. मूठ हस्तिदंती असेल तर विकायचा विचारही नको, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली तो व्यापार बंद आहे.

प्रश्न: घरात आजीची सहाण आणि शेतातला कुरुंदाचा दगड आहे, त्यावर जमेल का? सलूनवाले दादा तर हसले.
– एक वाचक, लातूर

उत्तर: दादांचं हसणं बरोबर, बहुतेक सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बदलायचा वस्तरा असतो, त्यांना दगड लागतोच कशाला. कुरुंद विळा-कोयत्याला ठीक, वस्तऱ्याची धार तो कुरतडून टाकेल. सहाण चंदनासाठी राहू दे, ती मधून खोलगट झालेली असते आणि वस्तऱ्याचा दगड काचेइतका सपाट लागतो. नवा घेतलेला दगडसुद्धा तपासा, त्यावर पेन्सिलने चौकटी काढा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासा, सगळ्या रेघा एकदम गेल्या की सपाट.

प्रश्न: धार लावली, केस कापतोय, पण दाढी करताना जळजळ होते.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलात का? आधी कापडी बाजू, मग चामडं, प्रत्येकी 40-50 फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे, वळवताना पाठीवरूनच वळवायचं नाहीतर पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल. पट्टा ताणलेला हवा, सैल पट्ट्यावर धार गोल होते. तरीही जळजळ झाली तर पुन्हा साध्या पाण्यावर हलके स्ट्रोक. आणि गालाशी पाठ फार उचलत असाल तर दगडाचा काही संबंध नाही, वस्तरा जवळजवळ आडवा धरा.